नव्या तांदळाचा घास

काल सुनेनं स्वयंपाकघरातून विचारलं, नव्या तांदळाला पाणी किती घालू? मुलगा आरमोरीकडून येताना यंदाच्या तांदळाची गोणी घेऊन आला होता. मी म्हटलं, कमी घाल, हा अजून अंगानं ओला आहे, जुन्यासारखं पाणी घातलंस तर लापशी होईल. एवढं सांगून मी गॅलरीत येऊन बसले. थोड्या वेळानं भाताला उकळी आली आणि तो वास बाहेर आला. कार्तिकात हा वास आला की आमच्याकडच्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या सुटत नाही. सत्तर वर्षं होत आली, तरी नाहीच. मी नवा तांदूळ खाते, दुसऱ्यांदा वाढूनही घेते, पण पहिला घास मला कधी सरळ गिळता आलेला नाही.

आमचं गाव आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेपासून दोनेक कोसांवर. गावाला तीन बाजूंनी धानाच्या बांध्या आणि चौथ्या बाजूला जंगल. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच मोडायचा. मी सांगते आहे त्या वर्षी शाळेत मास्तरांनी सांगितलं, की आपण आता मध्य प्रदेशात नाही, मुंबई राज्यात आहोत. मी धावत घरी येऊन बाबांना ही बातमी दिली. बाबा विळ्याला धार लावत होते. ते म्हणाले, धान तर त्याच बांधीत उभं आहे ना, मग झालं.

त्या दिवसांत घर घरात नसायचंच. सगळा संसार खळ्यावर. कापलेल्या धानाचे भारे रचलेले, मधल्या खुंट्याभोवती बैल गोल गोल फिरतायत, त्यांच्या पायाखाली लोंब्या चुरल्या जातायत, आणि त्या भुशाची खाज मानेपासून पाठीत उतरलेली. सकाळी तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, दव असायचं. त्यावर बसलं की परकर ओला आणि वरून मोठीमायची बोलणी. मोठीमाय म्हणजे माझी मोठी काकू. काका लवकर गेले, पण स्वयंपाकघर शेवटपर्यंत तिच्याच मुठीत राहिलं. दुपारी खळ्यावर भात जायचा, लाखोळीचं वरण जायचं, वाटलेली मिरची जायची. तसा भात मी पुढे कुठेच खाल्ला नाही. भूक चांगली असायची, हेही त्याचं कारण असेल.

आणि घरी शेवंता असायची. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी अकराची, ती आठची. गोरी, लांब बोटांची, बोलायला फारशी नाहीच. आपण काही विचारलं की आपल्याच प्रश्नाचं शेपूट परत द्यायची. "शेवंता, जेवतेस का?" म्हटलं की "जेवतेस का" म्हणायची, आणि त्यातून तिला जेवायचंय की नाही हे ओळखणं आपल्याकडे. गाव तिला येडी म्हणायचं. मोठीमाय हट्टी म्हणायची, आणि तेही तिच्या केसांत तेल चोळता चोळता. बाबा काहीच म्हणायचे नाहीत. आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, हे मला गेल्या दहा-पंधरा वर्षांत कळलं. आमच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता, आणि खरं सांगायचं तर मायला त्यावाचून काही अडलंही नाही.

आमच्याकडचं जेवण म्हणजे गलका. आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, शेवटी बायकांची. बाबा वरण भुरकायचे तेव्हा गोठ्यातले बैल मान वर करतात, असं मोठीमायच म्हणायची. शेवंताला तो भुरका सोसवायचा नाही. कानांत बोटं घालून ती धान साठवायच्या मोठ्या ढोलीमागे जाऊन उभी राहायची. तिथून तिला ओढून पंगतीला बसवायचे सगळे प्रकार करून झाले होते. एकदा बाबांनी उचलून आणली, तेव्हा तिनं ओकारी काढली. पोळा, दिवाळी, पाहुणारावळा, ज्या दिवशी घरात चार पदार्थ जास्त व्हायचे त्या दिवशी ती हमखास उपाशी.

तिचं जेवण ठरलेलं होतं. जर्मनची ताटली, म्हणजे ॲल्युमिनियमची. तिच्या मधोमध पांढरा भात, कशालाही न टेकलेला. वाटीत पेज, कोमट. वरणाचा एक थेंब भातावर उडाला तर ताटली तशीच राहायची. आणि तांदूळ जुना, वर्षभर ढोलीत मुरलेला, शिजल्यावर मोकळा होणारा. नवा तांदूळ चिकट, वासाचा. तो तिला चालत नसे. घरात नवा तांदूळ सुरू झाला की तिच्या ताटलीचं काय करायचं, हा दरवर्षी मायच्या जिवाला घोर असायचा.

मायनं त्यावर एक रीत काढली होती. शेवंताच्या मालकीचं एक मडकं होतं, त्यात फक्त तिचा तांदूळ. रोज सकाळी शेवंता स्वतः त्यात हात घालायची, मूठ बाहेर काढून नाकाशी धरायची, आणि पटलं की मायच्या सुपात टाकायची. तोच तांदूळ माय तिच्यासमोर धुवायची आणि तिच्यासमोरच शिजवायची. नवं धान आलं की माय नव्या तांदळाची एक वाटी मडक्याशेजारी नुसती ठेवून द्यायची. खा म्हणायची नाही. चार-आठ दिवसांनी शेवंता आपण होऊन त्या वाटीत बोट घालायची. मग कधीतरी चार दाणे उचलून स्वतःच्या मुठीत मिसळायची. पुढच्या दिवशी आठ. असं करत करत संक्रांत उलटून गेली की मडकं नव्यावर आलेलं असायचं, आणि वाद एकही झालेला नसायचा. माझी माय शाळेचं तोंड न पाहिलेली बाई.

माय दसऱ्याला बाळंतपणासाठी माहेरी गेली. माहेर वैनगंगेच्या पलीकडे, डोंग्यातून नदी ओलांडून जायचं. जायच्या आधी तिनं मला ढोलीमागे नेलं आणि मडकं दाखवलं. शेवंता तोवर दोघींच्याच हातचं खात होती, मायच्या आणि माझ्या. माझ्या हातावर यायला तिला दोन वर्षं लागली होती. हा माझा केवढा मोठा मान होता, हे मला तेव्हाही कळत होतं. शाळेत नंबर माझा कधी आला नाही, पण शेवंता माझ्या हातचं खाते हे मी वर्गातल्या पोरींना सांगून चुकले होते.

माय म्हणाली, "यमे, तिच्यासमोरच रांधजो. तिले पाहू दे. लपवून काई देऊ नोको."

मी हो म्हटलं. कोणीही म्हणतं तसं हो.

आता नव्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरी पहिलं धान खळ्यावरून आलं की लगेच कोणी तोंडात घालत नसे. दिवस ठरायचा. त्या दिवशी अंगण सारवून नवा तांदूळ शिजायचा, त्यात दूध आणि गूळ, आधी देवापुढे, मग बैलांना. मग घरातली सगळी माणसं, बाया, पुरुष, पोरं, एकाच ओळीत पळसाच्या पानांवर बसायची. वर्षातून तेवढ्या एकाच वेळी बायका पुरुषांच्या बरोबरीनं जेवायच्या. वडीलधारं माणूस प्रत्येकाच्या पानावर एक घास ठेवायचं आणि सगळ्यांनी तो एकदम तोंडात घालायचा. याला आम्ही 'नवं करणं' म्हणायचो. तान्ह्या मुलाच्या ओठांनाही बोट लावायचे. एकही माणूस सुटता कामा नये, सुटलं तर नवं लागत नाही.

आदल्या वर्षी शेवंता सुटली होती. पंगतीतून उठून पळाली ती थेट ढोलीमागे. आणि माघात आमच्या तणसाच्या गंजीला आग लागली. दोन्ही गोष्टी गावानं एकत्र बांधल्या. माय तेव्हा घरात होती. ती म्हणाली, "तणशीले इस्तो बिडीनं लागला. पोरीनं घास नाई खाल्ला म्हणून काऊन लागन?" मायपुढे कोणी बोललं नाही, पण म्हणून कोणी विसरलंही नव्हतं. या वर्षी माय घरात नव्हती. दिवाळीत बातमी आली, मुलगा झाला. आणि पाठोपाठ नव्याचा दिवस ठरला.

मोठीमाय मला म्हणाली, तुझ्याच हातचं खाते ती, तूच बघ काय ते. तिनं फक्त एवढंच म्हटलं. पुढचं सगळं माझ्या डोक्यातून निघालं. आजवर ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांच्यासमोर मी मोठीमायचं नाव पुढे केलं, म्हातारी होती, रीतभात मानणारी होती, असं म्हणून. आता ती नाही आणि ऐकणारंही कोणी उरलं नाही, तेव्हा खरं लिहून टाकते.

मी कांडलेला नवा तांदूळ फडक्यात बांधला आणि चुलीवरच्या शिंक्यात पाच दिवस टांगून ठेवला. धुरानं त्याचा कच्चा वास मरेल, दाणा थोडा पिवळसर दिसेल, असा माझा हिशेब. मग एका दुपारी शेवंता अंगणात असताना तिचं मडकं अर्धं रिकामं केलं, तळाला हा धुरावलेला तांदूळ भरला आणि वरून जुन्याचा थर दिला. आपण किती हुशार, असं वाटून मी स्वतःशीच हसलेसुद्धा. शेवंताला घास लागेल, पण कळणार नाही. देवाचं होईल, घराचं होईल, तिचंही होईल. सगळ्यांचं भलं एका फडक्यात बांधल्यासारखं मला वाटत होतं.

नव्याच्या सकाळी तिनं रोजच्यासारखा मडक्यात हात घातला, वरचीच मूठ काढली, नाकाशी धरली आणि माझ्या सुपात टाकली. मी तो तांदूळ घेऊन वळले, तेवढ्यात ती चिमण्यांकडे बघायला लागली. मी सुपातली मूठ ओट्यावर ओतली आणि मडक्याच्या तळातून दुसरी काढली. चार पाण्यांतून धुतली, शिजवून पेज निथळून टाकली, म्हणजे चिकटपणा जाईल. हे सगळं तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांपुढे, फक्त एक क्षण सोडून.

ओळीत ती बसली. टोकाला, माझ्या शेजारी, तिच्या ताटलीसह. बाबांनी सगळ्यांच्या पानांवर घास ठेवले, तिच्या ताटलीत मी ठेवला. सगळ्यांनी तोंडात घातला. तिनंही घातला. चावला. गिळला.

ओळीतून एक सुस्कारा गेला. मोठीमायनं कानशिलावर बोटं मोडली. बाबा, जे जेवताना कधी कोणाचं नाव घेत नसत, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आमची यमी हुशार निंगाली." बाबांनी मला उभ्या आयुष्यात दिलेली ती एकच शाबासकी. ती मला गोड लागली. आजही आठवली की आधी गोड लागते आणि मग लाज वाटते, हाच तिचा क्रम आहे, आणि तो मला बदलता आलेला नाही.

दुसऱ्या घासाला शेवंता थांबली. तोंड उघडून तिनं तो घास ताटलीत सोडला. रडली नाही, ओरडली नाही. उठली आणि ढोलीमागे गेली. नवं लागलेलं होतं, त्यामुळे आता तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी गेले तर तिनं मडकं जमिनीवर उपडं केलेलं. दोन्ही तांदूळ एकमेकांत मिसळून पसरलेले. त्यापुढे मांडी घालून ती एकेक दाणा निवडत होती. जुना डावीकडे, नवा उजवीकडे. मी पाच दिवस धुरात पिवळा केलेला दाणा तिला एकदाही चकवू शकला नाही. दुपार झाली, माणसं खळ्यावर गेली, उन्हाचा पट्टा भिंतीवरून खाली आला, ती निवडत होती. मी शेजारी बसून मदत करायला हात पुढे केला, तेव्हा तिनं माझं मनगट धरून तो हात बाजूला ठेवला. भांडं सरकवावं इतक्या शांतपणे. दिवेलागणीला दोन ढीग पूर्ण झाले.

मला वाटलं, संपलं. डावीकडचा जुना तांदूळ मी तिच्यासमोर धुतला, तिच्यासमोर शिजवला, ताटलीत वाढला. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोठीमायनं करून पाहिलं, बाबांनी ताटली घेऊन तासभर बसून पाहिलं. मोठीमाय पहिल्या दिवशी म्हणाली, भूक लागली की खाईल.  तिसऱ्या दिवशी शेवंता नुसत्या पाण्यावर भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, आणि मोठीमायनंच बाबांना गाडी जुंपायला सांगितली.

माय चौथ्या दिवशी आली. बाळंतपणाला पंधरा दिवसही झाले नव्हते. सव्वा महिना उंबरा ओलांडू नये म्हणतात, आणि ती डोंग्यातून नदी ओलांडून, पुढे बैलगाडीनं, कापडात गुंडाळलेल्या वामनला पोटाशी धरून आली होती. पाय सुजलेले. तिनं कोणाला काही विचारलं नाही. बाळ मोठीमायच्या हातात दिलं. घरचा तांदूळ तिनं घेतलाच नाही. जंगलालगतच्या गोंडांच्या टोल्यावर, त्यांच्या वस्तीत, तिची एक मैत्रीण होती, तिच्याकडून पदरातून जुना तांदूळ मागून आणला, नव्या मडक्यात घातला आणि शेवंतापुढे ठेवून बसून राहिली. खूप वेळानं शेवंतानं हात आत घातला.

ती जेवली तेव्हा मी दाराआड उभी होते. माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले सांगतलं होतं, यमे." बस. त्यावर ती आयुष्यात पुन्हा बोलली नाही. तिनं मला मारलं असतं तर मी तिला माफ केलं असतं, आणि कदाचित स्वतःलाही.

शेवंता माझ्यावर रागावली होती का? मी तो विचार फार वर्षं केला. रागावली असती तर बरं झालं असतं, राग निवतो. ती माझ्या शेजारी झोपायची, माझी वेणी हातात धरून बसायची, माझ्या मागे नदीवर यायची. फक्त माझ्या हातचं खात नव्हती. मी वाढलेल्या ताटलीला तिनं पुन्हा बोट लावलं नाही. मी मायची रीत अगदी जशीच्या तशी केली, वाटी ठेवली, वाट पाहिली, महिने गेले. पुढे माझं लग्न झालं, मी बल्लारपूरला आले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक चिमुरडी आहे, शेवंतासारखीच. पांढरी इडली सोडून काही खात नाही. तिची आई मध्यंतरी सांगत होती, इडलीच्या पिठात भोपळा वाटून घातला, रंग येऊ नये म्हणून अगदी थोडा, तिला कळलंच नाही. ती आनंदात होती. मला तिच्या चेहऱ्यावर ओळीतली अकरा वर्षांची यमी दिसली. मी एरवी शेजाऱ्यांच्या घरात नाक खुपसत नाही, पण त्या दिवशी खुपसलं. म्हटलं, बाई, जे घालशील ते तिला दाखवून घाल. तिला ते आवडलं नाही. पण पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाली, डॉक्टरही तसंच म्हणतात, समोर ठेवा, हात लावू द्या, घाई करू नका.  त्या डॉक्टरांना शिकायला किती वर्षं लागली असतील कोण जाणे.

माझी मात्र खात्री नाही, की तेव्हा मला हे सगळं कळलं असतं तर मी वेगळी वागले असते. मला माहीत नव्हतं असं नव्हतंच. मायनं सांगितलं होतं. मला ओळीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघायला हवं होतं. शेवंताच्या एका घासावर मी माझं कौतुक करून घेतलं, एवढंच त्यात होतं.

माय गेली तेव्हा शेवंता तिशीच्या पुढे होती. मला वाटलं, आता तिला माझ्यावाचून कोण आहे? मी बल्लारपूरहून गेले ते मनात हाच विचार घेऊन. लाज वाटते सांगायला, पण त्या दुःखातही एक आशा होती, की आता तरी ती माझ्या हातचं खाईल. मी तिच्यासमोर तांदूळ निवडला, तिच्यासमोर रांधला. ताटली ठेवून बाजूला बसले. ती बघत होती, भुकेली होती, आणि हात पुढे येत नव्हता. दुसरा दिवसही तसाच गेला. मग वामनची बायको मंगला, दोन वर्षांपूर्वीच त्या घरात आलेली, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अवघडून म्हणाली, "बाई, तुमी जरा बाहेर जाऊन बसता का? तुमी अंदर असल्या का ते हातच लावत नाई."

मी बाहेर जाऊन बसले. मंगलानं दुसरा भात टाकला. पाऊण तासानं ती रिकामी ताटली घासायला घेऊन अंगणात आली.

त्यानंतर शेवंता नऊ वर्षं होती. मी वर्षातून तीन-चारदा जायची. तिच्याजवळ बसायची, नखं कापायची, केस विंचरायची. दुपारचा स्वयंपाक होत आला की मी पिशवी उचलायची. वामन दरवेळी म्हणायचा, ताई, जेवून जा ना. मी दरवेळी म्हणायचे, नको रे, बस चुकेल.

बसला अजून दीड तास असायचा.